इन्कम टॅक्स भरायला पैसे नाहीत, आता काय करायचं? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातले दुकानदार, आडते, मास्तर, पेन्शनर, प्लॉट विकलेले शेतकरी हे सगळे रिटर्नच्या सीझनला जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय. एक गोष्ट आधीच सांगतो, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण मागच्या वर्षांचं रिटर्न आणि जुन्या डिमांड (खात्याने मागितलेली टॅक्सची थकबाकी) १९६१ च्या कायद्यानेच चालतात म्हणून खाली जे नंबर दिलेत ते जुन्या कायद्याचे आहेत.

"पैसाच नही शे, मंग टॅक्स कथाईन भरू?" यंदा रिटर्नच टाकलं नाही तर चालेल का?

नाही, हे अजिबात करू नका. सगळ्यात जास्त नुकसान लोक इथेच करून घेतात. रिटर्न टाकणं आणि टॅक्स भरणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिल्या कामाला पैसे लागत नाहीत. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर रिटर्न भरताना शेवटी टॅक्स निघाला की 'पे नाऊ' आणि 'पे लेटर' असे दोन पर्याय येतात, पैसे नसतील तर पे लेटर घ्या आणि रिटर्न मुदतीत टाकून, व्हेरिफाय करून मोकळे व्हा. हो, टॅक्स न भरल्यामुळे तुम्ही थकबाकीदार धरले जाऊ शकता आणि व्याज चालू राहतं, पण रिटर्न वेळेत गेलं हे कागदावर राहतं.

नाही टाकलं तर काय होतं ते बघा. लेट फी ५,००० रुपये (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००), वर कलम २३४ए चं महिन्याला १ टक्का वेगळं व्याज, धंद्यातला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही, आणि जुन्या रिजीमचा (वजावटी मिळणाऱ्या जुन्या करपद्धतीचा) फायदा घ्यायचा असेल तर तोही हातचा जातो. टॅक्सची रक्कम मोठी असेल आणि मुद्दाम रिटर्न टाकलं नाही असं दिसलं तर खटल्यापर्यंत जाऊ शकतं. हे सगळं कशासाठी, तर जे काम फुकट होत होतं ते केलं नाही म्हणून.

फक्त एक लक्षात ठेवा, मुदत सगळी संपल्यावर जे अपडेटेड रिटर्न टाकतात त्याला पे लेटर नाही. तिथे टॅक्स, व्याज आणि वरचा जादा टॅक्स (उशिराप्रमाणे २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत) आधी भरावाच लागतो.

धंद्यात नफा दिसतो पण हातात पैसा नाही, असं कसं काय? सीए म्हणतात टॅक्स लागेलच.

सीए बरोबर सांगताहेत. उदाहरण कृषी केंद्राचं घ्या, बियाणं-खत-औषध जूनमध्ये उधारीवर दिलं, शेतकऱ्याचा कापूस नोव्हेंबर-डिसेंबरनंतर विकला जाणार तेव्हा वसुली, त्यातली काही येते काही पुढच्या वर्षावर जाते. पण बिल फाडलं त्या दिवशी विक्री झाली, म्हणजे नफा त्याच वर्षात धरला जातो. आणि रिटर्नची वेळ येते नेमकी जुलै-ऑगस्टच्या सुमारास, जेव्हा दुकानदाराचा सगळा पैसा नव्या खरिपाच्या मालात आणि उधारीत अडकलेला असतो. केळीवाल्यांचं, डाळमिलला माल देणाऱ्यांचं, पाइपच्या डीलरचं थोड्याफार फरकाने हेच. तुम्ही काही चोरी केली नाही, पैशाची वेळ आणि टॅक्सची वेळ जुळत नाही इतकंच. त्यामुळे लाजून गप्प बसायचं काही कारण नाही.

थोडे थोडे करून भरता येतात का?

येतात. पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समध्ये कितीही चलनं काढता येतात, आज १०, पुढच्या महिन्यात १५ हजार. रिटर्नच्या वेळचा टॅक्स असेल तर कोड ३००, डिमांड नोटीस आल्यावर भरत असाल तर कोड ४००, चालू वर्षाचा ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांत भरायचा टॅक्स) असेल तर १००. वर्ष निवडताना दोनदा बघा, कारण चुकीच्या वर्षात पैसे गेले की तुमची डिमांड तशीच उभी राहते. वर्ष चुकलं तर ७ दिवसांत आणि कोड चुकला तर ३० दिवसांत पोर्टलवरच दुरुस्तीची विनंती टाकता येते.

हे माहीत असू द्या की रिटर्नच्या वेळी कमी पैसे भरले तर ते आधी लेट फीत जातात, मग व्याजात आणि उरलेले मूळ टॅक्समध्ये. तरीसुद्धा भरा. जेवढं मूळ कमी तेवढं पुढचं व्याज कमी.

खातं पतसंस्थेत किंवा अशा बँकेत आहे जिचं नाव पोर्टलच्या यादीत नाही, हा प्रश्न आपल्याकडे फार येतो. त्यांनी एनईएफटी-आरटीजीएसचा पर्याय घ्यायचा, फॉर्मची प्रिंट काढायची आणि आपल्या बँकेत द्यायची.

व्याज नेमकं किती लागतं? खूप लागतं म्हणतात.

समजा टीडीएस (आधीच कापला गेलेला टॅक्स) वगैरे वजा जाऊन ८०,००० रुपये टॅक्स निघाला आणि वर्षभरात ॲडव्हान्स टॅक्स एक रुपया भरला नाही. जुलैमध्ये भरले तर कलम २३४बी प्रमाणे एप्रिल ते जुलै ४ महिन्यांचे महिन्याला १ टक्का म्हणजे ३,२०० रुपये. हप्ते चुकल्याचं कलम २३४सी चं व्याज वेगळं, ते चारही हप्ते धरून ४,०४० होतं. पण ४४एडी मध्ये अंदाजी नफा दाखवणारा छोटा दुकानदार असेल तर त्याला एकच हप्ता असतो, १५ मार्चचा, म्हणून त्याला फक्त ८०० रुपये. म्हणजे एकाला ७,२४० आणि दुसऱ्याला ४,०००. अर्धा महिना झाला तरी पूर्ण महिना धरतात, म्हणून १ ऑगस्टला भरण्यापेक्षा ३१ जुलैला भरलेलं बरं.

आणि आडत्यांसाठी, कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी लागू नाही. बरेच जण भरतात, मग नोटीस येते.

मग टॅक्ससाठी कर्ज काढू का? की तसंच राहू देऊ?

हा खरा हिशोबाचा प्रश्न आहे, इथे जरा थांबून विचार करा. सरकारचं व्याज महिन्याला १ टक्का, सरळव्याजाने वर्षाला १२. ह्याच्यापेक्षा स्वस्त पैसा मिळत असेल तरच कर्ज काढण्यात अर्थ. बँकेतल्या एफडीवर मिळणारं व्याज १२ पेक्षा बरंच कमी असतं, तेव्हा एफडी असेल तर आधी ती मोडा. बँकेचं सोनं तारण कर्ज बहुतेक ठिकाणी १२ टक्क्यांच्या खाली मिळतं, शाखेत जाऊन आजचा दर विचारा आणि प्रोसेसिंगचा खर्च पण विचारा. जळगावकरांकडे घरात सोनं असतं आणि बायकोचे दागिने गहाण ठेवायला जीव होत नाही हे मला कळतं, पण रक्कम छोटी असेल आणि तीन-चार महिन्यांत पैसे येणार हे नक्की असेल तर हा सगळ्यात सुटसुटीत रस्ता आहे.

सावकाराकडे मात्र जाऊ नका. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, शेकडा पाच म्हणजे ६०. सरकारचं १२ टक्के फेडायला ६० टक्क्याचं डोक्यावर घ्यायचं हा कुठला हिशोब? क्रेडिट कार्डवर ओढून पुढे फिरवत बसणं पण त्याच्याच जवळपास जातं. सरकारचे पैसे राहिले तर अर्ज करता येतो, हप्ते मागता येतात, अपील करता येतं, सावकारापुढे यातलं काहीच चालत नाही.

सासऱ्यांकडून, भावाकडून, मित्राकडून हातउसने घेत असाल तर बँकेतूनच घ्या. २० हजार किंवा जास्त रक्कम रोख उसनी घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो, एक भानगड मिटवायला जाऊन दुसरी मागे लागायची.

१४३(१) चा मेल आला, डिमांड दाखवतेय. किती दिवस आहेत?

१४३(१) म्हणजे खात्याने तुमचं रिटर्न तपासून पाठवलेला हिशोब. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस. या ३० दिवसांत भरलं तर वरचं व्याज नाही, त्यानंतर कलम २२०(२) प्रमाणे डिमांडच्या रकमेवर महिन्याला १ टक्का चालू होतं.

पण पैशाची जुळवाजुळव करायच्या आधी डिमांड बरोबर आहे का ते बघा! भरपूर डिमांड चुकीच्या असतात, म्हणजे तुमच्याच रिटर्नमध्ये चलनाचा नंबर चुकला, टीडीएसचा आकडा फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा टॅक्सचा खात्याकडचा उतारा) शी जुळला नाही, वजावट चुकीच्या रकान्यात गेली असली कारणं. पोर्टलवर लॉगिन करा, 'पेंडिंग ॲक्शन्स' मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' आहे, तिथे मान्य किंवा अमान्य, पूर्ण किंवा काही भाग अमान्य असं कारणासकट लिहा. चूक उघड दिसत असेल तर कलम १५४ ची दुरुस्ती टाका. काहीच उत्तर दिलं नाही तर पुढच्या वर्षीचा रिफंड परस्पर या डिमांडमध्ये वळता होतो.

माझ्या पगारातून टीडीएस कापला, संस्थेने भरलाच नाही. आता डिमांड माझ्यावर?

शिक्षक आणि खाजगी कंपनीतली पोरं हे फार सोसतात. कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. कलम २०५ म्हणतं की जेवढा टॅक्स तुमच्याकडून कापला गेलाय तेवढ्यापुरती वसुली तुमच्याकडून करता येत नाही, आणि सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना हेच लेखी कळवलंय. पगाराच्या स्लिपा, ज्या खात्यात नेट पगार आला त्याचं स्टेटमेंट, असेल तर फॉर्म १६, हे सगळं जोडून डिमांड अमान्य करा आणि तुमच्या अधिकाऱ्याला अर्ज द्या. घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. संस्थेशी वाकडं नको म्हणून गप्प बसणारे पण आहेत, पण मग तो पैसा तुमच्याच खिशातून जातो.

फरकाची रक्कम एकदम मिळाली आणि टॅक्स वाढला, काय करता येईल?

मागच्या वर्षांच्या पगाराचा फरक असेल तर कलम ८९ चा रिलीफ बघा. फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी पोर्टलवर भरायचा, विसरलात तर रिलीफ नाकारतात आणि डिमांड निघते. बऱ्याच मास्तर लोकांचा 'परवडत नाही' हा प्रश्न या एका फॉर्मने सुटतो.

डिमांड बरोबर आहे, मान्य आहे, पण एकदम भरणं शक्य नाही. हप्ते कसे मागायचे?

कलम २२०(३). अर्ज तुमच्या आयकर अधिकाऱ्याकडे करायचा, म्हणजे ज्याच्या वॉर्डात तुमचं पॅन आहे तो, पोर्टलवर 'नो युवर एओ' मध्ये पॅन टाकलं की कळतं. सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे. हप्ते देणं अधिकाऱ्याच्या हातात आहे, हक्क म्हणून मागता येत नाही, म्हणून अर्ज नीट लिहा. रडगाणं दोन ओळीत, आकडे आणि तारखा जास्त.

साधारण असा मजकूर:

"आकारणी वर्ष अमुक, माझ्या पॅनवर १,१२,४०० रुपयांची डिमांड आहे, नोटीस अमुक तारखेला मिळाली. रक्कम मला मान्य आहे. माझं कृषी सेवा केंद्र असून ३१ मार्च अखेर उधारी अमुक रुपये येणे आहे, ती कापूस विक्रीनंतर वसूल होते. आज २०,००० रुपये भरले, चलन सोबत जोडले आहे. उरलेले ९२,४०० रुपये दरमहा १५,४०० प्रमाणे सहा हप्त्यांत, दर महिन्याच्या १० तारखेला भरीन. तरी कलम २२०(३) प्रमाणे परवानगी मिळावी आणि तोपर्यंत मला थकबाकीदार समजू नये ही विनंती."

सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, उधारीची यादी, कर्जाचे हप्ते असतील तर त्यांचा कागद, दवाखान्याची बिलं असतील तर ती. आधी मराठीत कच्चं लिहून घ्या मग कोणाकडून इंग्रजीत करून घ्या, काम पुढे सरकतं. समक्ष द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह, ती पोच जपून ठेवा. आज काहीतरी भरून अर्ज देणं आणि रिकाम्या हाताने देणं यात फार फरक पडतो, अधिकारी पण माणूस आहे, समोरच्याची नियत बघतो.

हप्ते मिळाले तरी १ टक्का व्याज थांबत नाही. आणि एक हप्ता चुकला की बाकीची सगळी रक्कम एकदम देय होते, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता मागा, मोठेपणासाठी जास्त लिहू नका.

३० दिवस उलटून गेले, आता?

उशिराचा अर्ज ऐकायला अधिकारी बांधील नाही, तरी द्याच. गप्प बसलेल्या माणसावर कलम २२१ चा दंड लागू शकतो, जास्तीत जास्त थकीत टॅक्सएवढा, पण दंडाआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि पुरेसं कारण पटलं तर दंड लावत नाहीत. तेच कारण आधीच लेखी दिलेलं असेल तर बाजू भक्कम.

वादळात केळी झोपली, शेतीचा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा होईल का?

नाही होत. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून तिचा तोटाही दुसऱ्या उत्पन्नातून वजा नाही. रावेर-यावलकडे हा प्रश्न दर उन्हाळ्यानंतर येतो आणि नाही सांगताना वाईट वाटतं. पण पंचनाम्याची प्रत आणि सातबारा हप्त्यांच्या अर्जाला जरूर जोडा, हातात पैसा का नाही याचा तो सरकारी पुरावा आहे.

शेत विकलं, पैसे लग्नात आणि कर्जात गेले, आता कॅपिटल गेनचा टॅक्स म्हणतात.

आधी ती जमीन टॅक्समध्ये बसते का ते बघा. ग्रामीण शेतजमिनीवर कॅपिटल गेन (विक्रीतल्या नफ्यावरचा टॅक्स) नाही. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत अंतर मोजतात, लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर. म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव, धुळे, भुसावळला ६, अमळनेर-चोपड्याला २. रस्त्याने किती किलोमीटर होतं ते धरत नाहीत. जमीन हद्दीच्या आत असेल, विकायच्या आधी दोन वर्षं तुम्ही किंवा आईवडील ती कसत असाल, आणि विकल्यापासून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४बी ची सूट आहे. पण रिटर्नच्या मुदतीपर्यंत जमीन घेतली नसेल तर ते पैसे बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली असेल तर त्या मोबदल्यावर सहसा टॅक्स नाही, निवाड्याची प्रत घेऊन सल्लागाराकडे जा.

पैसे संपलेत आणि टॅक्स खरंच लागतोय, तर वरचाच मार्ग: रिटर्न टाका, हप्ते मागा.

व्याज माफ होतं का? टॅक्स माफ होतो का?

परवडत नाही म्हणून मूळ टॅक्स माफ होत नाही. २२०(२) चं व्याज कमी किंवा माफ करायचा अधिकार वरिष्ठ आयुक्तांना आहे, कलम २२०(२ए), पण तीनही गोष्टी लागतात: भरल्याने खरोखर ओढाताण होईल, उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, आणि चौकशीत तुम्ही सहकार्य केलं. आजारपण, घरातला कर्ता जाणं असलं काही असेल तर अर्ज करून बघा. २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये जुन्या बारीक डिमांड (२००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंत आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १० हजारांपर्यंत) काढून टाकायचं ठरलं, तुमच्या नावावर असं जुनं काही दिसत असेल तर पोर्टलवर तपासा.

अपील केलं तर वसुली थांबते का?

आपोआप नाही. आयुक्त (अपील) कडे फॉर्म ३५ ३० दिवसांत टाकायचा, फी उत्पन्नाप्रमाणे २५० ते १,००० रुपये, आणि अधिकाऱ्याकडे स्थगितीचा वेगळा अर्ज द्यायचा. साधारणपणे वादातल्या रकमेचा ठरावीक भाग भरला की उरलेली वसुली थांबवतात. तुम्हाला जो टॅक्स मान्य आहे तो मात्र आधी भरलेला पाहिजे. नुसता वेळ काढायला अपील करू नका, हरलात तर व्याज सगळं उभं राहतं.

बँक खातं अटॅच केलं! आता दुकान कसं चालवू?

त्याच दिवशी अधिकाऱ्याकडे जा, मेलवर थांबू नका. शक्य तेवढी रक्कम भरायची तयारी दाखवा, हप्त्याचा लेखी प्रस्ताव द्या आणि नोकरांचे पगार, मालाचे चेक यासाठी खातं मोकळं करायची विनंती करा. शेतकऱ्याचे बैल, अवजारं, बियाणं आणि तो स्वतः राहतो ते घर यांना दिवाणी कायद्यात जप्तीपासून संरक्षण आहे आणि ते इथेही लागू होतं.

जेल होते का?

पैसे नाहीत एवढ्यावरून नाही. पैसे असून लपवले, मालमत्ता घाईत बायकोच्या-पोराच्या नावावर केली, मुद्दाम टाळलं तर गुन्हा होतो.

वडील वारले, त्यांच्या नावाने डिमांड आली.

वारसाला उत्तर द्यावं लागतं, पण जबाबदारी वडिलांकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच असते, तुमच्या स्वतःच्या कमाईतून भरायची नसते. पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंद करा, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद लागतो, मग उत्तर द्या. नाना गेल्यावर कागदाची पेटी कोणी उघडतच नाही आणि व्याज चालू राहतं, तसं होऊ देऊ नका.

फोन आला, 'आत्ता यूपीआयवर भरा नाहीतर वॉरंट निघेल.' खरं असतं का?

नाही. फोन ठेवा. खात्याचा पैसा पोर्टलच्या चलनानेच जातो, कोणाच्या नंबरवर नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन (त्या पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो पोर्टलच्या पहिल्या पानावर लॉगिन न करता तपासता येतो. शंका असेल तर ई-फायलिंगची हेल्पलाइन १८०० १०३ ००२५.

पुढच्या वर्षी पुन्हा हेच होऊ नये म्हणून काय करू?

टीडीएस जाऊन १०,००० किंवा जास्त टॅक्स निघणार असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरायचा असतो: १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरला एकूण ४५, १५ डिसेंबरला ७५, १५ मार्चला पूर्ण. साठीच्या पुढचे, ज्यांना धंद्याचं उत्पन्न नाही, त्यांना हे लागू नाही. आपल्याकडे जून-सप्टेंबरचे हप्ते जड जातात हे खरं, पण डिसेंबरला कापसाची वसुली सुरू होते, तेव्हा दर आठवड्याच्या वसुलीतून ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा आणि १५ मार्चच्या आत कोड १०० चं चलन काढा. ४४एडी वाल्यांना तर तेवढी एकच तारीख सांभाळायची आहे.